मीटरबाई

आमच्या थोरल्या जाऊबाईंना बँकेत सगळे मीटरबाई म्हणत. आधी चेष्टेनं, मधे काही दिवस रागानं, आणि पुढे सवयीनं.

खरं तर त्यांचं टेबल आवक-जावकचं. आलेल्या कागदावर शिक्का, तारीख, नंबर. गेलेल्या कागदावरही तेच. तीस वर्षं हेच केल्यामुळे हाताला वळण पडलेलं. मुलांच्या शाळेतून चिठ्ठी आली तरी आधी कोपऱ्यात तारीख टाकायच्या, मग वाचायच्या. मोठे दीर म्हणायचे, "संध्याकाळी दारात उभा राहिलो की हिच्याकडून आवक नंबर घेतो, तेव्हा कुठे चहा मिळतो." जाऊबाईंचं एक वाक्य ठरलेलं होतं: "ज्याचा कागद नाही, ते झालंच नाही." याच वाक्यानं पुढे त्यांना ठेच लागली.

एके दिवशी मुख्य कचेरीतून पत्र आलं. बँकेनं पर्यावरणासाठी लक्ष्य ठरवलं होतं. पाच वर्षांत वीज आणि डिझेल दोन्ही एक तृतीयांशानं कमी करायचं. मागचं एक वर्ष पाया धरायचं, आणि दर महिन्याला प्रत्येक शाखेनं तक्ता भरून पाठवायचा. साहेबांनी पत्र मोठ्यानं वाचलं आणि मान वर केली, तर सगळ्यांना एकदमच काहीतरी काम आठवलेलं. जाऊबाई तेवढ्या जागेवर होत्या. पत्राला नंबर घालायचा राहिला होता ना!

इतर शाखा म्हणे बिल बघून आकडा लिहीत. या बाईंनी रोज सकाळी दहाला जिन्याखाली स्टूल ठेवलं, त्यावर चढल्या, टॉर्च मारला आणि मीटर वाचला. मी म्हटलं, "अहो जाऊबाई, या वयात स्टुलावर कशाला चढता? बिल येतंच की." तर म्हणाल्या, "बिल महिन्यानं येतं. गळती काय महिनाभर थांबते?" बाहेरच्या पाटीचा दिवा दिवसाढवळ्या जळत असतो, हे त्यांनीच पकडलं. जेवणाच्या सुट्टीत दिवे बंद करायला लागल्या, तेव्हा कॅशियर ओरडला, "मीटरबाई, घास नाकात चाललाय माझा!" नाव पडलं ते तिथून.

तिसऱ्या वर्षी शाखेचा जुना जनरेटर विकला. दुपारी तीन-तीन तास वीज जायची, म्हणून इमारतीच्या मालकाच्या मोठ्या जनरेटरवरून लाइन घेतली. डिझेलचं वेगळं बिल नाही, भाड्यातच धरलेलं. जाऊबाईंच्या टेबलावर डिझेलचा कागद येणं बंद झालं. कागद नाही म्हणून त्यांनी तक्त्यात शून्य लिहिलं. एक महिना नाही, आठ महिने. त्यांची शाखा सगळ्यांच्या वर गेली. मुख्य कचेरीनं कळवलं, वर्ष संपलं की पहिल्या नंबरची ढाल तुम्हाला.

याच वर्षी जाऊबाईंची अधिकारी होण्याची शेवटची संधी होती. दोनदा नाव मागे पडलं होतं, आणि पंचावन्न ओलांडलं की दार बंद. साहेबांनी शिफारसपत्र लिहून ठेवलं होतं: ढालीबरोबरच पाठवू, म्हणजे वजन पडेल. जाऊबाई घरी काही बोलल्या नाहीत, पण दोन नव्या साड्यांना फॉल लावून घेतले. त्यावरून मी काय ते ओळखलं.

मग एक दिवस बँकेत चहा करणाऱ्या मावशींनी फडकं आणून त्यांच्या टेबलावर आपटलं. काळंकुट्ट.

"काय हो मीटरबाई, तुमची बँक हिरवी झाली म्हणे. मग माझी मागची खिडकी रोज काळी कोण करतं?"

जाऊबाई उठून मागच्या अंगणात गेल्या. मालकाचा जनरेटर धडधडत होता. राखणदार डिझेलचा डबा ओतत होता, आणि ओतून झाल्यावर त्यानं भिंतीवर खडूची रेघ ओढली. भिंतभर रेघा. महिना संपला की खाली आडवी ओळ.

"या कधीपासूनच्या?"

"तुमची लाइन जोडली तेव्हापासून. मालक विचारतात ना, किती डबे लागले."

"आणि यातलं आमचं किती?"

"निम्मी लाइन तुमची. तुम्ही यायच्या आधी एवढे लागत नव्हते बाई."

त्यांनी तिथेच उभं राहून आठ महिन्यांच्या रेघा मोजल्या. निम्म्या केल्या. आपला जुना जनरेटर पीत होता त्याहून जास्त निघालं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो होतो. त्यांनी सगळं सांगितलं. आता खरं सांगते, देवाला सगळं माहीत आहेच: गप्प बसा म्हणणारी मीच. म्हटलं, "जाऊबाई, कशाला विकतचं दुखणं घेता? तुम्ही काय मुद्दाम केलंत? आणि संधी परत येणार आहे का?"

"नाही येणार," त्या म्हणाल्या. "पण शून्य माझ्या हातचं आहे. कालपर्यंत ती चूक होती. उद्या परत लिहिलं तर ते खोटं. सकाळी देवापुढे हात जोडते ते याच बोटांनी ना?"

शेंगा त्या रात्रीच्या भाजीपुरत्या सोलायच्या होत्या, दोन दिवसांच्या सोलल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुरुस्तीचं पत्र लिहून साहेबांपुढे ठेवलं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यालाही वरून तगादा होता.

"बाई, डिझेलचं बिल आपल्या नावावर आहे का?"

"नाही साहेब."

"मग झालं तर."

"पण धूर आपल्या नावावर आहे."

साहेबांनी शिफारसपत्र ड्रॉवरमधून काढून टेबलावर ठेवलं. "हे आणि ते, दोन्ही एका पाकिटात जाणार नाहीत. विचार करा."

"केलाय साहेब."

साहेबांनी दुरुस्तीचं पत्र गठ्ठ्याच्या तळाला सरकवलं. जाऊबाई बाहेर आल्या. साहेबांना टाळून परस्पर पाठवायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण आवक-जावकवाल्या बाईला थोपवणार कोण? रोजचं टपाल सहीसाठी आत न्यायचं काम त्यांचंच. दुसऱ्या दिवशी गठ्ठ्यात सगळ्यात वर तेच पत्र. साहेबांनी तळाला घातलं. तिसऱ्या दिवशी परत वर. साहेब चार दिवस रजेवर गेले. आले तेव्हा टेबलावर पहिलं तेच. कॅशियर कुजबुजला, "मीटरबाई, ढाल गेली तर आम्ही चहासुद्धा पाजणार नाही हं." त्या म्हणाल्या, "आजवर कधी पाजलात?"

अकराव्या दिवशी महिन्याचा तक्ता भरायचा होता. डिझेलच्या रकान्यात जाऊबाईंनी खरा आकडा लिहून सही केली आणि दुरुस्तीचं पत्र वर टाचलं. साहेबांनी रकान्यातला आकडा वाचला. मग सही केली आणि म्हणाले, "घ्या. ही तुमची ढाल."

शाखा पहिल्या नंबरावरून घसरली ती खालून तिसरी झाली. शिफारसपत्र ड्रॉवरमध्येच राहिलं. महिनाभर कोणी त्यांच्याशी धड बोललं नाही. जाऊबाईंनी त्या साड्या रोजच्याला नेसायला काढल्या.

पण बाई थांबल्या नाहीत. शून्य खोटं होतं, लक्ष्य तर खरं होतं ना! त्यांनी मालकाच्या मागे लागून बँकेच्या लाइनवर वेगळा मीटर बसवून घेतला. वीज गेली की जनरेटरवर फक्त कॉम्प्युटर आणि दोन पंखे, बाकी सगळं बंद, हे साहेबांकडून लेखी घेतलं. पश्चिमेकडच्या काचांना जाड पडदे लावले. ज्या कामाला अंधार चालतो ते वीज जायच्या वेळेत, बाकीचं सकाळी, अशी वाटणी केली. पहिला महिना काहीच फरक नाही. कॅशियर म्हणाला, "आम्ही घामानं कमी झालो, डिझेल नाही." चौथ्या महिन्यात आकडा हलला. दीड वर्षानं डिझेल एक पंचमांशानं कमी झालं. एक तृतीयांशाला पुष्कळ कमी पडत होतं, आणि तक्त्यात तेवढंच लिहिलं गेलं.

मग मुख्य कचेरीतून नवा तक्ता आला, सगळ्या शाखांसाठी. त्यात एक रकाना वाढला होता: भाड्यात धरलेलं डिझेल. कोणाच्या पत्रामुळे वाढला, हे कुठे लिहिलं नव्हतं. पहिल्याच महिन्यात वरच्या नऊ शाखा खाली आल्या. साहेबांनी तो तक्ता स्वतः बाहेर आणून जाऊबाईंच्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "नंबर घाला, बाई."

जाऊबाई कारकून म्हणूनच निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी सकाळी मी आणि मोठे दीर गेलो होतो. खुर्च्या मांडलेल्या, साहेब भाषणाला उभे राहिलेले, आणि उत्सवमूर्तीच जागेवर नाही. मला ठाऊक होतं कुठे असतील. जिन्याखाली स्टुलावर उभ्या होत्या, नव्या साडीचा पदर खोचून, टॉर्च मीटरवर धरून. खाली चहावाल्या मावशी स्टूल घट्ट धरून होत्या. आकडा वहीत लिहिला, तारीख टाकली, सही केली. मग उतरल्या आणि म्हणाल्या, "हां, आता करा भाषणं."