ललितच्या हाताचा रिमोट

गावातल्या शनवारा भागात मोबाईल रिपेअरिंगची दुकानं ढीगभर आहेत, पण फोन दुरुस्तीसोबत शिव्या फक्त रश्मीच्या दुकानात मिळतात. "अंघोळीला फोन सोबत लागते का तुले?" असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर विचारते. फोन चालू करून देते, म्हणून लोक ऐकून घेतात.

शाळा तिनं नववीत सोडली. गल्लीतल्या ललितला मास्तरनं वर्गाबाहेर काढलं, पंख्याची मोटर चोरली म्हणून. मोटर त्यानं चोरलीच होती. तरी हिनं दप्तर उचललं अन् त्याच्या मागं निघाली. ललित दुसऱ्या दिवशी माफी मागून आत बसला. ही परत गेलीच नाही.

पुढं ललित लग्नात ड्रोन उडवायला लागला. मांडवाच्या झालरीखालून असा काढायचा की नवरदेवाच्या फेट्याचा शेमला हलला पाहिजे. मग मागच्या साली बाप आजारी होता, त्याच्या जागी हा एक पाळी कापड विणायच्या लूमवर उभा राहिला अन् उजवा हात मशीनच्या पट्ट्यात गेला. अंगठा गेला, शेजारची बोटं आखडली. ड्रोनच्या रिमोटला दोन दांड्या, दोन अंगठ्यांनी चालवायच्या. ललितचं काम तिथंच बसलं. दिवसभर ओट्यावर बसून राहायचा.

एक दिवस दुकानात येऊन म्हणाला, "नेपानगरले जाऊन राहिलो. ठेकेदार वॉचमन ठेवतो म्हणे. पुढच्या महिन्यापासून."

"तिथं काय करशील?"

"गेट उघडीन. बंद करीन."

"अन् ड्रोन?"

"छोड ना यार. दिमाग मत खा."

रश्मीच्या डोक्यात तेव्हाच काहीतरी शिजायला लागलं. लग्नाचा महागडा ड्रोन कंपनीच्या रिमोटाशिवाय दुसरा रिमोट ऐकत नाही. पण ललितनं शिकायच्या वेळी घरी जोडलेला एक ड्रोन माळ्यावर पडला होता. तो तिनं न विचारता उतरवला. बोटभर लांबीचे दोन मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम भरायच्या चिपा, घेतले. एक ड्रोनच्या पोटात, एक रिमोटात, दोघं वायरलेसवर एकमेकांशी बोलणार. डाव्या अंगठ्याले एकच दांडी ठेवली. ती वरखाली केली की ड्रोन वरखाली, बाजूला केली की तोंड फिरवणार. उजव्या मनगटावर पट्ट्यानं एक सेन्सर बांधायचा. हात पुढं झुकला की ड्रोन पुढं, डावीकडं कलला की डावीकडं. अंगठा लागतच नाही.

तापीकाठच्या मोकळ्या जागेत तिनं आधी स्वतः उडवून पाहिला. मस्त उडाला. मग ललितला तिथं बोलावून त्याच्या मनगटावर पट्टा बांधला. ड्रोन वर उठला अन् सरळ डावीकडं जाऊन काटेरी झुडपात घुसला. परत उडवला, परत झुडूप.

"हात सरळ धर ना बे," रश्मी म्हणाली.

"हा सरळच आहे. माझा सरळ असाच असते आता." त्यानं पट्टा सोडला. "तू हे तुझ्या हातासाठी बनवलं, रश्मी. मीच येडा, इथवर आलो."

तो पायीच निघून गेला. ती झुडपातून पंखे काढत बसली. चीड त्याच्यावर नव्हती. खरंच तर बोलला होता.

घरी येऊन तिनं उजव्या हाताचा अंगठा तळव्याला चिकटवला, दोन बोटं दुमडली अन् वरून काळी टेप गुंडाळली. तशाच हातानं दुकान चालवलं. स्क्रू पडायचे, सोल्डर भलतीकडं लागायचं. गिऱ्हाइकाच्या ऐवजी स्वतःलेच शिव्या.

आई मालूबाईनं जेवताना पाहिलं. अर्धी भाकर मांडीवर सांडलेली.

"हात भाजला का काय?"

"नाही. ललितचा हात पाहून राहिली."

"त्याचा हात पाहायचा तर त्याच्या घरी जा. माझी भाकर काऊन सांडते?"

त्या टेपनं एक गोष्ट कळली. असा हात एका जागी राहतच नाही. सकाळी थोडा आत वळलेला, थकला की आणखी खाली लोंबतो. मग त्याले सरळ कर म्हणण्यात अर्थ काय? तिनं डाव्या तर्जनीखाली एक बटण बसवलं. बटण दाबलं की त्या घडीला हात जसा असेल, तोच ड्रोननं सरळ धरायचा. हात थकला, परत दाबायचं. प्रोग्राममध्ये चार ओळींचं काम होतं. डोक्यात यायले टेप लागली.

ललितले तिनं ओट्यावरून ओढतच नेलं.

"मले नाही पडायचं यात."

"नको पडू. ड्रोन पडला तर मी उचलीन. चल."

त्यानं पट्टा बांधून घेतला, हात होता तसाच सोडला, बटण दाबलं. ड्रोन उठला अन् जागच्या जागी थांबला. ललितनं मनगट जरासं झुकवलं. ड्रोन पुढं सरकला, झुडपाला वळसा घातला, पलीकडच्या केळीच्या बागेवर गेला. वरची पानं हलली. ललित ड्रोन खाली येऊ देईना, रश्मीकडं बघेना. मधेच हात लोंबला तसं बटण दाबलं, कुणी न सांगता.

त्याच्या खिशात फोन वाजला. रश्मीनं काढून पाहिला.

"नेपानगरचा ठेकेदार आहे."

"वाजू दे. माझे दोन्ही हात कामात आहेत."

फोन वाजतच राहिला. वाजू देणं रश्मीच्या स्वभावात नाही. तिनं उचलला.

"ललित ड्रोन उडवून राहिला, भाऊ. तुम्ही दुसरा माणूस पाहा," असं म्हणाली अन् ठेवून दिला.

ललितनं ऐकलं. "बाजूला सरक," एवढंच म्हणाला, "तुझ्या आड ड्रोन दिसून नाही राहिला."

ती सरकली.