देवराईतली चाकं

देवराईच्या वेशीवर आम्ही चपला काढल्या. माझी बहीण सुमा व्हीलचेअरवर होती. गुरवकाका तिच्या चाकांकडे बघत अडखळले. "ह्या चपला म्हणायच्या की पाय?"

"पायच की, काका. काढून ठेवले तर आत जाऊ कशी?"

काका हसले आणि त्यांनी चाकांवर तांब्याभर पाणी ओतलं.

इथली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, असा रिवाज आहे. तरी सुमासारख्यांच्या सोयीसाठी म्हणून झाडं पाडून सिमेंटची वाट झाली. उद्घाटनाच्या फलकावर मान्यवर इतके, की झाडं अल्पसंख्य वाटावीत.

सुमा जन्मात पहिल्यांदा आत आली होती. एका जुन्या बुंध्याला तिने तळवा टेकून ठेवला. तिचा चेहरा पाहून ही वाट नको होती म्हणायला जीभ रेटेना. आणि हवी होती म्हणावं, तर कडेचे ताजे खुंट दिसत होते.

तेवढ्यात वेशीकडून मोटरसायकलींची घरघर आली. काका काहीतरी ओरडले. घरघर थांबली नाही.

सुमाने तळवा काढून घेतला. "दादा, हे माझ्याच वाटेने येतायत ना?"

मी वळून वाटेकडे पाहिलं.

"खुर्ची आडवी लाव," ती म्हणाली, "आणि ब्रेक दाब."