कुणाला विचारलं?

पागधरे बाई पेपर हातात घ्यायच्या त्या भांडायच्या तयारीनंच. नववीत त्या आम्हाला गणित शिकवायच्या. टक्केवारी आली की पुस्तक मिटून पेपर उघडायच्या. एखाद्या क्लासची ‘शंभर टक्के निकाल’ अशी जाहिरात दिसली की चष्मा कपाळावर चढायचा. “कच्ची पोरं परीक्षेला बसवलीच नसतील. कुणाला विचारलं यांनी?” घरी कुणी ‘भाजी छान झालीये’ म्हटलं तरी बाई चव घेऊन बघत असणार, अशी आमची खात्री होती.

एकदा पेपरात आलं, उत्तनजवळच्या चौक गावात बहुतेकांना बोंबील वाळवायच्या जागेवर पार्किंग हवंय. चौक बाईंचं माहेर. त्याच जागेवर त्यांचा भाऊ शिवादादा बोंबील वाळवायचा. जागा गेली की त्याचा धंदा बसणार होता. बाईंनी पेपर टेबलावर आपटला. “सकाळी विचारलं असणार. होड्या समुद्रात, बायका बाजारात. मग घरी होतं कोण? जा, तुम्हीच विचारून या.”

रविवारी आम्ही बसने चौकला गेलो. शिवादादानं सरबत पाजलं, स्वतः सोबत फिरला. बोंबील वाळवणारे एकजात ‘नको’ म्हणाले. दादा खूश. “आता ह्येच पेपरात द्या. सगल्या गावाला पार्किंग नको हाय!”

बाईंनी आमचा कागद वाचला आणि पेपरवाल्यांकडे बघायच्या तशाच संशयानं आमच्याकडे बघितलं. “वाळवणाऱ्यांनाच विचारलंत ना? रिक्षावाले काय गावातले नाहीत?”

आम्हाला परत पाठवलं. या वेळी त्याही आल्या. दादा भडकला, “तू आमची हायस का त्यांची?”

“तुझीच आहे रे. पण त्यांचं खोटं पकडायचं तर आपलं आधी पकडायला नको?”

या खेपेला ‘हवं’ म्हणणारेही बरेच निघाले. जास्त ‘नको’च होते, पण थोड्याच फरकानं. पेपरवाल्यांना त्यात बातमी दिसली नाही. पार्किंग झालं. दादानं बहिणीशी बोलणं टाकलं. मला बाईंचा तेव्हा रागच आला होता, आणि त्यांच्यासारखं दुसरं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

यंदा बाई गेल्या. शाळेतल्या शोकसभेत मुख्याध्यापक म्हणाले, “बाईंबद्दल मनात राग असलेला एकही माणूस सापडणार नाही.”

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, “कुणाला विचारलं?”

मागे दारात शिवादादा उभा होता. आत आलाच नव्हता.

“मना कुनी इचारलंच न्हाय,” तो म्हणाला, आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागला.