लोणच्यांच्या कप्प्यातले साहेब

रोज संध्याकाळी शिकागोहून आगगाडीने नेपरव्हिलला परतल्यावर, पायांतले बूटही न काढता, वसुधामावशी ओट्यावरचा पत्र्याचा डबा उघडायच्या आणि त्यात एक कार्ड सरकवायच्या. डबा पाककृतींचा, शेजारणीने भेट दिलेला. आत 'सूप', 'केक', 'लोणची' असे कप्पे. पाककृती मावशींना तोंडपाठ होत्या, म्हणून त्यात त्यांनी ऑफिसातलं इंग्रजी साठवलं.

एका विमा कंपनीत त्या नुकसानभरपाईचे दावे तपासत. सांगलीला इंग्रजी घेऊनच बी.ए. झाल्या होत्या, पण तिथे लोक सरळ भेटून बोलत, कोणी कोणाशी 'टच बेस' करत नव्हतं. त्यांचे साहेब, मिस्टर हॅल्व्हर्सन, सरळ बोलतच नसत. त्यांचं निम्मं बोलणं बेसबॉलच्या मैदानातून यायचं, उरलेलं स्वयंपाकघरातून. मावशी ते टिपून आणायच्या, कॉलेजात जाणारी लेक सीमा अर्थ सांगायची, मग कप्पा ठरायचा. कौतुकाचे शब्द 'केक'मध्ये, घाईगर्दीचे 'सूप'मध्ये. आणि काही ठरवायचं नसलं की साहेब जे बोलत, ते 'लोणची'मध्ये. मुरत पडलेलं.

तो कप्पा सगळ्यांत जाड झाला.

१९८३ साली त्यांच्या विभागात सुपरवायझरची जागा रिकामी झाली. मावशींनी ती मागितली. साहेब म्हणाले, "लेट्स प्ले इट बाय इयर." बघू, पुढे कसं काय होतं ते. एकदा मागितलेलं लगेच पुन्हा मागणं म्हणजे हावरटपणा, हे माहेरचं वळण. त्यामुळे पुढचा प्रश्न थेट पुढच्या डिसेंबरात. तेव्हा ती जागा 'बॅक बर्नर'वर, म्हणजे मागच्या शेगडीवर, होती. पंच्याऐंशीत 'बॉल' वरच्या मजल्याच्या 'कोर्टात' गेला, म्हणजे ठरवायचं ते आता वरच्या साहेबांनी. दरम्यान सुपरवायझरचं सगळं काम मावशीच करत होत्या. दारावरची पाटी तेवढी नव्हती.

"नाही कुठे म्हणालेत ते?" मावशी म्हणायच्या.

"हो तरी कुठे म्हणालेत?" मावशींचे यजमान नरेंद्रकाका वर्तमानपत्राआडून विचारायचे.

"मॉम, ही इज जस्ट स्टॉलिंग! नुसती टाळाटाळ!" सीमा वैतागायची.

शहाऐंशीच्या डिसेंबरात ऑफिसात कुजबुज सुरू झाली की त्या जागेवर नवखा डेनिस येणार. डेनिसला दावा कसा वाचायचा हे मावशींनीच शिकवलं होतं, तेही त्याच वर्षी.

दुसऱ्या दिवशी डबा मावशींच्या मांडीवर बसून शिकागोला गेला.

साहेबांच्या टेबलावर त्यांनी तीन कार्डं ओळीने मांडली, तारखांसकट. "सर, मी दर वर्षी या जागेबद्दल विचारलं. ही तुमची उत्तरं. यंदाचं कोणतं? कार्ड कोरं आणलंय."

साहेबांनी कार्डं वाचली, टाय सैल केला. "वेल, ॲट द एंड ऑफ द डे..."

"हे आहे," मावशी नम्रपणे म्हणाल्या. "दोनदा."

"वी विल क्रॉस दॅट ब्रिज..."

"हेही आहे. मार्चमधलं."

साहेबांनी डब्यात डोकावून पाहिलं. "वसुधा, मी नक्की कुठल्या कप्प्यात आहे?"

"लोणच्यांच्या, सर."

आधी त्यांचे कान लाल झाले. मग ते इतके हसले की बाहेरचे टाइपरायटर थांबले. हसू ओसरल्यावर त्यांनी खिडकीबाहेरच्या बर्फाकडे एकदा बघितलं आणि तिन्ही कार्डं गोळा करून मावशींच्या हातात दिली.

"यस," ते म्हणाले. "सोमवारपासून."

"लेखी?"

"लेखी."

संध्याकाळी मावशी ओट्याशी उभ्या होत्या. हातातल्या कार्डावर एवढंच: 'यस', खाली तारीख. त्यांनी 'सूप' उघडलं, 'केक' उघडलं, पुन्हा 'सूप'. कार्ड कुठेच बसेना.

"काय म्हणाले गं?" काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवून विचारलं. असं ते क्वचितच करत.

मावशींनी कार्ड त्यांच्यापुढे धरलं, मग चुंबकाखाली फ्रिजच्या दारावर लावलं. दोन पावलं मागे सरकून त्या बघत राहिल्या. मग त्यांची नजर खाली गेली.

"सीमा, जुना टॉवेल आण गं. माझ्या बुटांवरच्या बर्फाचं सगळं पाणी झालंय इथे."