बिनसासऱ्याचा जावई

हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करणाऱ्या मावशीची जीभ इस्त्रीपेक्षा जास्त तापलेली असे. मॅनेजरला ती तोंडावर ‘सुरकुती’ म्हणायची, कारण त्या बाबाला दुसरं काही दिसतच नसे. तो तिला कामावरून काढायची धमकी द्यायचा आणि संध्याकाळी स्वतःचे शर्ट तिच्याकडेच पाठवायचा.

तळघराचं दार मात्र ती कोणाला लावू देत नसे. थंडीत सगळ्याजणी कुडकुडल्या तरी दारात विटेचा तुकडा अडकवलेलाच. कोणी कुरकुर केली की मावशी गप्प बसायची, आणि मावशी गप्प बसली की बाकीच्यांचीही बोलती बंद व्हायची. मावशी आणि तिची धाकटी बहीण या देशात आल्या त्या फळांच्या ट्रकमधून, खोक्यांच्या मागे, बाहेरून कडी घातलेल्या. मावशी उतरली. धाकटीला उतरवावं लागलं.

माणसं चोरून नेण्याच्या या धंद्याच्या म्होरक्याला सगळे ‘जावई’ म्हणत. स्वतः इकडची काडी तिकडे करायची नाही, पण पाणी आधी त्याला, खुर्ची आधी त्याला, आणि मान जरा कमी पडला की स्वारी फुगून बसणार. तो रुसला की गाडी निघायची नाही. निघायच्या आधी गोदामाच्या अंधारात मावशीने त्याला एकदाच पाहिलं होतं: दाढी, सुटलेलं पोट आणि लोकरी टोपी.

पुढे तीन देशांच्या पोलिसांनी मिळून ही टोळी धरायचं मनावर घेतलं. माणसं भरायची एका देशात, कोंडायची दुसऱ्यात, उतरवायची तिसऱ्यात, त्यामुळे एकट्यादुकट्याचं ते काम नव्हतं. फोनवरची बोलणी चोरून ऐकली. त्यात सारखं येई, ‘जावयाला विचारा.’ कोणीतरी त्याचं शब्दाला शब्द लावून भाषांतर केलं आणि तिन्ही देशांचे साहेब हात धुऊन सासऱ्याच्या मागे लागले. ज्याचा जावई एवढा मोठा, तो सासरा केवढा असेल! भिंतीवर टोळीचा तक्ता लागला, त्यात सगळ्यात वर सासऱ्यासाठी रिकामी चौकट. चार मुलींच्या एका गरीब बापाला चौकशीला बसवलं. त्याचे चारही जावई नालायक निघाले, पण गुन्हेगार एकही नव्हता.

अखेर गोदामाच्या मालकालाच जावई म्हणून अटक झाली आणि गोदाम होतं त्या मधल्या देशात खटला उभा राहिला. मावशीला इथेच एका खोलीत पडद्यासमोर बसवलं. पलीकडे कोर्ट, आरोपी आणि दुभाषा. त्या ट्रकमधून जिवंत उतरलेल्यांपैकी बोलायला तयार झालेली ती एकटीच. तिने ओळखलं नाही, तर तो सुटणार होता. सकाळी निघताना धाकटीचा रुमाल तिने मुठीत घेतला होता.

आरोपीचा वकील उठला. “माझे अशील अविवाहित आहेत. त्यांना सासराच नाही. मग ते जावई कसे?”

“अहो, जावई म्हणजे नातं नव्हे,” मावशी कडाडली. “तो माज आहे, माज!”

माजाला शब्द सापडेना म्हणून दुभाष्याने घोटभर पाणी पिऊन घेतलं.

मग सरकारी वकील म्हणाले, “मावशी, समोरच्या माणसाला नीट बघा. हाच का तो?”

मावशीने बघितलं. पुन्हा बघितलं. गुळगुळीत दाढी केलेला, तुरुंगात वाळलेला, चष्मा लावलेला एक कारकुनी चेहरा. तिला तो ओळखू येईना. खोटं बोलून मोकळं व्हावं असंही वाटलं. पण भलत्याच माणसाला धाकटीच्या नावाने आत टाकायचं तिच्या जिवावर आलं.

“हा नाही,” ती म्हणाली. सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. मावशीला रडू येत होतं, आणि रडू आलं की ती हटकून वाकडं बोलायची. “हा कसला जावई! असलाच तर जावयाचा पाणक्या असेल. या थोबाडाचं कोण ऐकणार?”

एवढ्यावर कोणीही शहाणा माणूस देवाचे आभार मानून गप्प बसला असता. पण ही स्वारी पडली मानाची. आरोपी ताडकन उठला आणि मावशीच्याच भाषेत ओरडला.

“पाणक्या? मी पाणक्या? माझ्या शब्दाशिवाय तिथे एक गाडी हलत नव्हती!”

त्याचा वकील त्याचा कोट ओढून थकला.

“बस खाली, पाणक्या,” मावशी म्हणाली.

“आवाज बंद!”

मावशीच्या हातातला रुमाल खाली पडला. चेहरा ती विसरली होती. हे दोन शब्द विसरली नव्हती. धाकटी ट्रकच्या पत्र्यावर मुठी आपटत होती, तेव्हा बाहेरून हेच दोन शब्द आले होते, याच आवाजात.

“हाच,” ती म्हणाली. “हाच तो.”

दुभाष्याने एक शब्दही न गाळता सगळं भाषांतर केलं, पाणक्यासकट. न्यायाधीशांनी ते नोंदवून घेतलं आणि विचारलं, साक्षीदाराला आणखी काही सांगायचंय का?

मावशीला शिव्या भरपूर येत होत्या. त्यातली एकही आठवली नाही.

“त्याला सांगा, आमची धाकटी भांडत नव्हती,” ती म्हणाली. “हवा मागत होती.”

दुभाषा कोर्टाकडे वळून भाषांतर करू लागला. पण ज्याला सांगायचं होतं त्याला भाषांतराची गरज नव्हती. तो खाली बसला होता.