डॉजवाला केवळराम

माझा थोरला भाऊ केवळराम. सडक अर्जुनीत कोणालाही विचारा, "डॉजवाला" म्हटलं की घराकडं बोट दाखवतील, अन् हसतीलही. त्याला मात्र हसणं कधी दिसलं नाही.

आमच्या बापानं तेंदूपत्त्याचा ठेका बरा चालला तेव्हा दोन जुन्या अमेरिकन गाड्या स्वस्तात घेतल्या होत्या. एक डॉज, एक प्लायमाउथ. बाप गेला, वाटण्या झाल्या. डॉज थोरल्याकडे, प्लायमाउथ धाकट्या उदारामकडे. झालं! तेव्हापासून थोरल्याच्या डोक्यात हवा. धानाची शेती बटईनं देऊन हा बाप्या रोज सकाळी गाडीला आंघोळ घालतो अन् येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "डॉज म्हणजे मालक. प्लायमाउथ म्हणजे मुनीम!"

अरे बापा, कायचा मालक न् कायचा मुनीम! अमेरिकेत दोघींची कंपनी एकच. इकडं मुंबईत जुळवल्या त्याही एकाच कारखान्यात. इंजिन तेच, दरवाजे तेच, समोरची जाळी अन् नावाची पट्टी तेवढी निराळी. सख्ख्या बहिणी आहेत त्या. बाप स्वतः हिचं काढून तिला लावायचा. पण या शहाण्याला सांगेल कोण? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. याच्याकडं सुंभही कधी नव्हता, नुसता पीळ.

यंदा वैशाखात माझ्या प्राचीचं लग्न. पोरीचं एकच मागणं होतं, सासरी देवरीला जाईन तर आजोबाच्या गाडीत बसून. प्लायमाउथचा पत्रा सडलेला, ती रस्त्यावर येणं शक्यच नव्हतं. डॉज चकाचक, पण कार्बोरेटर फुटलेला. मी म्हटलं, "दादा, उदारामच्या गाडीचा लाव ना."

"त्या मुनिमाचा? माह्या डॉजले? येडी झाली का तू?"

शेवटी गोंदियाचा मिस्त्री भैय्यालाल कुठून तरी डॉजचा कार्बोरेटर घेऊन आला. गाडी सुरू झाली. मग काय विचारता! भर मांडवात केवळराम वऱ्हाड्यांना धरधरून नेई अन् बॉनेट उघडून दाखवी. "असली डॉजचा माल आहे! प्लायमाउथ राहिली असती तर चौकातच बसली असती." उदाराम तिथंच पंगतीत वाढत होता. मान खाली घालून ऐकत होता. मला अशी चीड आली, की हातातलं ताट थोरल्याच्या टाळक्यात घालावं.

पाठवणीची वेळ झाली. प्राची डॉजमध्ये बसली. भैय्यालाल खुशीत येऊन बोलून गेला, "भाई हो तो ऐसा! उदारामभाऊने अपनी गाडी का निकालके दिया. बोले, दादा को डॉज का ही बताना."

मला वाटलं, आता तरी हा भावाला पोटाशी धरेल. कायचं धरतो! त्यानं बॉनेट उघडलं, भैय्यालालच्या पिशवीतला पाना घेतला अन् नवरी आत बसलेली असताना कार्बोरेटर उपटून उदारामच्या हातात कोंबला. "घे तुही उष्टी वस्तू!"

मी रडले, शिव्या घातल्या. व्याह्यांनी हात जोडले. हा ढिम्म. आपलं नाक कापून भाचीला अपशकुन करणारा मामा मी पहिल्यांदा पाहिला.

प्राची खाली उतरली. जावयाची बोलेरो पुढं आली. आमच्याकडं मामा भाचीच्या पाया पडतात. आधी उदाराम वाकला. पण कार्बोरेटरच्या तेलानं हात काळेकुट्ट झालेले, म्हणून मागं घेऊ लागला. प्राचीनं ते धरून आपल्या पायांवर ठेवले. हळदीच्या पायांवर त्याची बोटं उमटली.

मग केवळराम रुमालानं हात स्वच्छ पुसून वाकला. तिनं पाय मागं घेतले.

"राहू द्या मामा," ती म्हणाली, "तुमचे हात खराब होतील."

अन् बोलेरोत जाऊन बसली.