शेवरलेटचा ड्रायव्हर

बहात्तरच्या दुष्काळात कर्जतजवळच्या रस्त्याच्या कामावर तो खडी फोडायचा. मी शाळामास्तर, रोज सायकलवरून तिथून जायचो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

जीप गेली की तो हातोडा थांबवून आवाज ऐकायचा. "आताच्या गाड्या म्हंजे पत्र्याचे डबे, गुरुजी!"

मिशनच्या अमेरिकन डॉक्टरांची शेवरलेट त्यानं बारा वर्षं चालवली होती. "लई दांडगी गाडी. पर अवघडलेली बाई न्हेली तरी वाटंत झोपून जायची." बोलताना डावा हात आपोआप गिअर टाकायचा. डॉक्टर मायदेशी परतले, सुटे भाग मिळेनात, गाडी भंगारात गेली.

मे महिन्याच्या सुट्टीत कळलं, की नगरच्या एका वकिलांना ड्रायव्हर हवाय. परतल्याबरोबर मी त्याला सांगायला गेलो. ऐकून तो हसला. मग त्यानं उजव्या डोळ्यावर ओढलेलं फडकं वर सारलं. कपची उडून उजवं बुबुळ पांढरं पडलं होतं.

"दुसऱ्या डोळ्यानं तर दिसतं ना?" मी चाचरत विचारलं.

"धुरकट दिसतं. अन् गाडीत मानसं बसत्यात, गुरुजी."

एवढं बोलून त्यानं हातानं चाचपत पुढचा दगड जवळ ओढला.